माझ्या मुठी

शालनच्या उजव्या मनगटाला प्लास्टर,
म्हणून यंदा डंकावर मी.

उत्तरेश्वर पेठेतला बोळ.
सकाळी आठलाच बावीस डबे रांगेला
आणि एकेका डब्यामागं एकेक बाई.
तेविसावा डबा आमचा,
झाकणावर नाव कोरलंय सासूबाईंचं.

एकतीस वर्षं के.एम.टी. चालवली मी,
रांगा काय नव्या न्हाईत.
पण रांग बघायची ती काचेतनं,
रांगेत उभं ऱ्हायचं न्हवं.

"ड्रायव्हरकाका, तुम्ही आलाईसा?"
मुल्लाण्यांची रेहाना.
"वहिनींचा हात मोडला म्हणं?"
"चीर पडलीया. स्टुलावर चढलेली, लोणच्याच्या बरणीसाठी."
"अगं बया. आणि बरणी?"
"बरणी धडधाकट हाय."
"मग बरं," कुणीतरी मागनं म्हणालं,
आणि सगळी रांग ठसक्यासकट हसली.

मग तपासणी.
खोबरं किसून भाजलं का तुकडं?
किसून.
तीळ वेगळं भाजलासा न्हवं?
व्हय.
मेथी?
मेथी जरा करपली.
"जरा म्हणजे?"
पद्मलमावशींनी हे असं विचारलं,
की आमच्या गाडीखाली जणू कोंबडी आली.
डबा उघडून वास घेतला. मान हलवली.
"चालतंय. मटणात कळणार न्हाई. भाजीत कळंल."

खिशातनं चिठ्ठी काढली.
तिनं डाव्या हातानं लिहिलेली,
ओळी पंचगंगेच्या घाटागत उतरत गेलेल्या:
ब्याडगी दोन किलो, जवारी एक.
लसूण शेवटाला, सालीसकट.
मीठ नऊ मुठी.
आणि खाली दोनदा रेघ मारून:
माझ्या मुठी. तुमच्या न्हवं.

"आता गं?" रेहाना म्हणाली.
"केवढी हाय वहिनींची मूठ?"

बायकांनी आपापल्या मुठी पुढं केल्या.
हळदीच्या, मेंदीच्या, अंगठी रुतलेल्या,
एक भाजलेली, एक नुसती हाडांची.
मी बघत ऱ्हायलो.
पस्तीस वर्षं त्या मुठीतलं मीठ खाल्लं,
मूठ केवढी ते सांगता येईना.

डंकवाला म्हणाला, "काका, नंबर आला."

तेवढ्यात मोपेडवरनं उतरलेली एक पोरगी
दाराची चौकट धरून उभी ऱ्हायली, आत वाकून,
"आई, सुट्टं हायत का?"
आणि मला ती बावड्याची गाडी आठवली.
नवं लग्न, दर गुरुवारी शालन माहेरला जायची,
माझ्याच गाडीनं, तिकीट काढून.
गर्दीत तोंड दिसायचं न्हाई तिचं.
वरच्या आरशात नुसती मूठ दिसायची,
दांडीला धरलेली, हिरवा चुडा कोपरापतोर घसरलेला.
कागलकरांच्या वळणावर ती मूठ घट्ट व्हायची,
मग मी वळण हळू घ्यायचो.
टाइमकीपर म्हणायचा, गुरुवारी तुमची गाडी लेट का?

"ए पोरी," मी म्हणालो, "जरा मीठ टाकतीस का?"
पोरीनं आईकडं बघितलं. आईनं बाकीच्यांकडं.
नऊ वेळा टाकलं तिनं, मोजून,
आणि डंक पडत ऱ्हायला, धडाम, धडाम,
लाल धूळ पापण्यांवर बसली सगळ्यांच्या.
डोळ्यांतनं पाणी आलं. सगळ्यांच्याच येतंय तिथं.

घरी शालननं डाव्या बोटावर घेतली,
जिभेला लावली,
खिडकीतनं बाहेर बघितलं थोडा वेळ.
"मीठ कमी हाय. कुणाची मूठ घेतलासा?"
"तुझीच. बावड्याच्या गाडीतली."

काय बोलली न्हाई.
मग म्हणाली, "ती व्हय? लई बारकी होती ती.
त्यानंतर हात किती थापलं, किती पिळलं,
हात काय तेवढाच ऱ्हातोय?
टाका अजून दोन."
"कुणाच्या?"
"आता तुमच्याच टाका. बघू काय हुतंय."

टाकल्या. कालवलं.
वरच्या मजल्यावर भाडेकरू शिंकला, लागोपाठ चारदा,
आणि तिनं खालनंच वरडून विचारलं,
"भावा, वाटीभर पाठवू का?"