अठरा इंची

बावीस इंची बेस ड्रम काल विकला.
होमवुडच्या चर्चमध्ये वाजवणारा पोरगा आला मामाची व्हॅन घेऊन.
नोटा मोजता मोजता म्हणाला, आत उशी कसली?
म्हटलं, असू दे.
मग तीन जिने धावत उतरलो
आणि उशी तेवढी मागून घेतली.

आर्नेटाबाई दोन वर्षं सांगत होत्या,
डबल बेस खांद्याला टेकवून, डोळे मिटून:
"पोरा, माझ्या खोलीत तुझं कपाट आहे.
खालच्या तारेवर गेले की गुडघ्याला लागतं."
मी ऐकलं नाही.

आता अठरा, बारा, चौदा.
शाळेतल्या पोरांची वयं वाटतात.
गाडीच्या मागच्या सीटवर बसतात मुकाट.

चावी पाव फेरा, जास्त नाही.
समोरासमोरचे स्क्रू, चाक बसवताना आवळतात तसे.
कडेपासून दोन बोटांवर टिचकी मारायची.
एक जागा रुसलेली असते,
तिची समजूत घालेस्तोवर शेजारचीचा सूर उतरतो.
खालचं कातडं वरच्याहून अंमळ चढं.
बारानं हाक मारावी, चौदानं ओ द्यावी,
एवढंच अंतर दोघांत.

आणि बेस ड्रममध्ये काहीही कोंबायचं नाही.
उघडा घुमारा. लपायला जागा नाही,
पायाची चूक अख्ख्या खोलीला कळते.
म्हणून पाय हलका. इतका, की
वाजतोय हे कळू नये
आणि थांबला तर काहीतरी हरवल्यासारखं व्हावं.

बाबांचे कान पोलादाच्या भट्टीनं नेले, ब्रॅडकला.
मी तळघरात वाजवायचो,
ते वर स्वयंपाकघरात बूटमोजे काढून बसायचे.
तळव्यांनी ऐकायचे.
बावीसशिवाय ती जमीन हलली नसती.
शेजाऱ्यांची ओरड नको म्हणून
त्यांनीच आपली उशी दिली होती आत घालायला.
मार्चमध्ये ते गेले.

गुरुवारी, पहिल्या गाण्याआधी,
आर्नेटाबाईंनी सगळ्यात खालची तार छेडली
आणि मी हातही लावला नव्हता
तरी अठरा इंची आपणहून गुणगुणला.
त्यांनी डोळे उघडले. बोलल्या काही नाहीत.
मी टेबलाखाली बूट सारले.

स्नेअरच्या तारा मात्र त्याच सुराला कुरकुरतात अजून.
त्यांचं बघायचंय.