वर एक रुपया

बाबांनी तो खोटा म्हणूनच ठेवला होता.
बर्डी–पारडी गाडीवर, सत्त्याहत्तर साली,
कुणी तिकिटापोटी हातावर टेकवला आणि उतरून गेला.
मग सुट्टे म्हणून ज्याला द्यावा, तो परत करी,
"काऊन भाऊ, आमालेच भेटला का हा?"
सिंह एका कडेला सरकलेले,
जणू नाण्यातही उभं राहायला जागा नव्हती,
आणि दुसऱ्या कडेला चंद्रकोरीएवढा कोरा, गुळगुळीत धातू.

रात्री डेपोत हिशेब एका रुपयानं कमी भरला.
मारोतराव हेडाऊंनी तो खिशातून घातला
आणि हा खिशात टाकला.

बाबा गेल्यावर तिकीट-पंचाच्या डबीत सापडला.
धंतोलीच्या लॅबमध्ये नेला,
जिथे मी दिवसभर लोकांचं रक्त बघते,
तिथल्याच भिंगाखाली धरला.
घासायला पीतांबरी काढली होती,
तर मोमिनपुऱ्यातले इश्तियाक साहेब फोनवर ओरडलेच,
"ताई, हात नका लावू! मळ हाच त्याचा दाखला."

इतवारीतल्या सराफानं काट्यावर टाकला,
चांदी नाही म्हणून बोटानं परत सरकवला.
गांधीबागेतला म्हणाला, पाचशे घ्या, लगेच.
'लगेच' दोनदा म्हणाला,
तेव्हाच कळलं, पाचशे हा भाव नव्हे.
हेमराजनं मोबाइल पुढे केला,
असल्याच नाण्याचे कुणी दोन लाख मागून बसलाय.
मागायला काय जातं?
मीही उद्या आमच्या मांजरीचे लाख मागेन.

इश्तियाक साहेबांनी जुन्या लिलावांच्या पुस्तिका काढल्या,
समासात पेन्सिलीच्या खुणा.
मागितलेला नाही, मिळालेला भाव बघायचा.
साडेआठ हजार. साडेनऊ. एक बारा,
पण त्याच्यावर साल शाबूत होतं.
"तुमच्यावरही साल दिसतंय," ते म्हणाले,
आणि मला क्षणभर वाटलं, माझ्याबद्दलच बोलतायत.

मे महिना. कूलरच्या ताट्यांना पाणी मारता मारता
हेमराज म्हणाला, जो भाव सांगतो तोच घेतो, हे कसं?
बरोबर होतं त्याचं.
लिलावात धाडावा, तर शंभरातले पंधरा त्यांचे,
चार महिने वाट,
आणि त्या दिवशी नेमके गिऱ्हाईक घरी झोपले तर?
म्हणून मेडिकल चौकातल्या पौनीकर सरांना गाठलं.
त्यांना घ्यायचंही नव्हतं, विकायचंही नव्हतं,
आता नजरही तेवढी राहिली नाही;
अंगठ्यानं कड चाचपून म्हणाले,
दहाच्या खाली रडाल, बाराच्या वर तो रडेल.

टांकसाळीत कुणाचा तरी हात अर्धा क्षण हुकला,
त्या हुकण्याचे हे पैसे.
नीट पडला असता, तर त्याच दिवशी
डेपोबाहेरच्या चहात विरघळला असता.
आणि बाबांनी चाळीस वर्षं पंच मारला,
एकही तिकीट वाकडं फाटलं नाही.
त्याचं काय मिळतं, हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.
मी पाहिलं.

शनिवारी गेले. म्हटलं,
अकरा हजार. आणि वर एक रुपया.
इश्तियाक साहेब हसले, "शकुनाचा ना?"
नाही, म्हटलं. हिशेबाचा.
सत्त्याहत्तर सालापासून कमी आहे.
ते हसायचे थांबले.
नोटा मोजल्या, गल्ल्यात रुपया नव्हता;
पोराला खालच्या पानठेल्यावर पिटाळलं.
त्यानं आणला तो नवा, चकचकीत,
सिंह अगदी मधोमध. उलटसुलट करून पाहिला,
कुठेच काही चुकलेलं नव्हतं.

परतताना बसमध्ये शंभराची नोट पुढे केली.
कंडक्टर पोरगी वैतागली,
"काऊन ताई, एक रुपयाही सुट्टा नाही का?"
नाही, म्हटलं,
मुठीत रुपया आवळून.