परस्पर संमतीने

कोर्टाच्या कंपाउंडला लागून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, एका पायाखाली वीट.
एकवीस वर्षं लोकांचे काडीमोड टाइप करते.
मजकूर पाठ आहे :
अर्जदार व जाबदेणार यांचा विवाह
अमुक रोजी, मौजे तमुक येथे
रीतीरिवाजाप्रमाणे संपन्न झाला.
काही काळ ते एकत्र नांदले.
तद्नंतर

'तद्नंतर'च्या पुढे ज्याचं त्याचं वेगळं.
तिथे मी दोन ओळी मोकळ्या सोडते.
वकील येऊन सांगतात, मग भरते.

सोमवारी घरी गेले तर सरोजा
कपाटासमोर फतकल मारून बसलेली.
चादरींचे दोन ढीग.
तिच्या बापाने मागावर काढलेली ती मोराची
कुठल्याच ढिगात नव्हती,
मांडीवर होती.

भांडण नाही.
भांडणं चार वर्षांपूर्वीच संपली.
आता भाकरी मोडल्याचा आवाज येतो फक्त,
कडक भाकरीचा, मधोमध.

"महानंदा, कागद करू या," ती म्हणाली,
"तुलाच येतो ना."
येतो की.
पण कुठल्या कलमाखाली, बाई?
जे सरकारने लागलेलं पाहिलंच नाही
ते मोडायला स्टँप कितीचा लागतो?

रेशनकार्डावर मी तिची मावसबहीण.
तिची पिशवी काढली तेव्हा
फॉर्मवर, नातं : शेजारीण.
डॉक्टर म्हणाले, जवळचं कुणी नाही का?
मी पेन घट्ट धरून उभी.
घरकुल तिच्या नावावर,
हप्ते माझ्या पासबुकातून.
पोटगी हा शब्द मी दिवसातून दहादा टाइप करते,
घरात कधी मोठ्याने उच्चारला नाही.

पण लागलं होतं, एका परीने.
सतरा वर्षांपूर्वी, भोगीच्या दुपारी,
संमती कट्ट्यापाशी.
सगळं शहर पांढऱ्या कपड्यांत,
नवरदेवाच्या जागी सिद्धरामाचा योगदंड,
आणि लाखभर माणसं वऱ्हाडी.
कुणी विचारलं नाही, असं कसं लग्न.
प्रेम म्हटल्यावर विचारायचं काय त्यात?
संमतीचं वाचन झालं, हात वर गेले,
आणि तिची मूठ
माझ्या डोक्यावर उघडली.
माझी तिच्या.
एवढ्या गर्दीत कुणाचं लक्ष असतं?
रात्री वेणी सोडताना तांदूळ निघाले.
अकरा. मी मोजले.

लोकांना कायदा सहा महिने देतो,
जा, पुन्हा एकदा विचार करून या.
त्या सहा महिन्यांत
एखादं जोडपं वाटेतूनच परत गेलेलं
पाहिलंय मी या टेबलावरून,
माझे टायपिंगचे पैसे बुडवून.
आम्हाला कोण देणार मुदत?
सरोजाच म्हणाली,
"गुरुवारी पाणी आहे.
पाणी भरते आणि जाते."

तीन दिवस मिळाले मग.
पहिल्या दिवशी तिने पंख्याची पाती पुसली.
दुसऱ्या दिवशी मी मशीनवर कागद चढवला :
अर्जदार सरोजा. अर्जदार महानंदा.
जाबदेणारच्या जागी काय घालावं कळेना.
नांदल्या, असं लिहिलं. ते खरं होतं.
तद्नंतर
आणि दोन ओळी मोकळ्या.
वकील नव्हता. बोटं तशीच ठेवून बसले.
तेवढ्यात एक पोरगा आला, नवा अर्ज घेऊन,
आतून पुरता उसवलेला.
कागद काढून त्याचा चढवला.

गुरुवारी पहाटे चारला नळ सुटला.
पाणी आलं की ती तेलुगूत ओरडते,
नीळ्ळु वच्चिनय, नीळ्ळु,
जशी गल्लीला बातमी फक्त तिनेच द्यायची.
या वेळी ओरडली नाही.
मला उठवलंही नाही.
मी जागीच होते, डोळे मिटून,
हंड्यांचे आवाज ओळखत :
पितळी, स्टीलचा, गळका.

उजाडलं तेव्हा सगळी भांडी काठोकाठ.
बादल्या, पिंप, दुधाचं पातेलंसुद्धा.
पाच दिवस दोघींना पुरतं एवढं.
एकटीला किती पुरेल
ते मोजलं नाही.