बेवारस

पहाटे चारला मोहाडीच्या शीतगृहात
कचेरीतले सगळे पडदे एकदम काळे झाले
आणि मधोमध एक घड्याळ उलटं चालू लागलं.
एकाहत्तर तास, एकोणसाठ मिनिटं.
खाली मजकूर: कृपया घाबरू नका.
इतकी अदब मी फक्त बँकेच्या नोटिशीत पाहिलीय.

कुलूप दाराला नव्हतं.
दार उघडत होतं, नेहमीसारखं कुरकुरत.
आत थॉमसनची बावीस पॅलेट
अर्ध्या अंशावर, धुक्यात उभी.
कुलूप लागलं होतं त्यांच्या नावाला.
कुठला मळा, कधीची तोड, शेवटची फवारणी कुठल्या तारखेची,
सगळं कुणीतरी, कुठेतरी
मुठीत धरून बसलं होतं.
नाव गेलं की द्राक्षाचं नुसतं फळ होतं,
आणि नुसत्या फळाला परदेशात कुणी उतरून घेत नाही.

ती फाईल मीच उघडली होती.
'कंटेनर भाडे, सुधारित.'
हे अजून कुणाला बोललो नाही.

फाटकाबाहेर मालेगावचा अश्फाक
गाडीचं इंजिन चालू ठेवून तिसरा चहा पीत होता.
न्हावाशेव्याचं जहाज गुरुवारी बंद.
ओझरकडून लढाऊ विमान गेलं,
आवाज मागाहून आला.
मालक फोनवर उभे, एका हातानं भिंत धरून.

तेव्हा यमुना भोये आली, पेठकडची,
डोक्यावर जाळीची टोपी, काखेत खोक्यांची झाकणं.
गेल्या साली संगणकानं तिच्या चाळीस पेट्या गिळल्या,
तेव्हापासून ती झाकणाच्या आतून
मार्करनं रेघा ओढते. चार उभ्या, एक आडवी.
प्रत्येक ओळीआधी एक चित्र:
विहीर म्हणजे बोरस्त्यांचा प्लॉट,
निवडुंग म्हणजे खेडगाव,
शिंग मोडलेली गाय म्हणजे ढिकल्यांचा खालचा मळा.
एका ठिकाणी तिला खात्री नव्हती.
तिनं मणी तोडून तोंडात टाकला,
डोळे मिटले, म्हणाली, गायच.

दुपारपर्यंत चौदा झाकणांवरून
मी सतरा पॅलेटांना वारस लावला.
एजंटनं विचारलं, पुरावा काय?
फोटो पाठवला.
बराच वेळ गेला. मग त्यानं लिहिलं,
ही गाय पीडीएफमध्ये मिळेल का?

जहाज गेलं.
थोडा माल पिंपळगावला हायवेच्या कडेला
ताडपत्रीवर विकला, किलोला पस्तीसनं.
मालकांनी मागितलेले पैसे दिले की नाही, मला विचारू नका.
सोमवारी पडदे उजळले, नावं परत आली,
सगळ्यांचे पासवर्ड बदलले. माझा आता सोळा अक्षरांचा.

झाकणं रद्दीत टाकायला सांगितली होती.
माझ्या कपाटात आहेत.

कचेरीच्या काचेवर टकटक झाली.
यमुनाबाई आत आल्या नाहीत, चपला ओल्या होत्या.
दारातूनच म्हणाल्या,
सापडलं ना सगळं?
मग माझ्या चाळीस पेट्या
बघा जरा.