कुमूला माकडं ओळखू येत होती

आधी तिला रंगच नव्हते.
फोंड्याच्या बाजारात अर्धा तास घालवून
मी निवडलेलं फिकं गुलाबी टोपडं
तिच्या लेखी भिंतीसारखंच होतं.
ती पाहायची फक्त कडा :
खिडकीचा गज आणि मागचा उजेड,
माझं कपाळ संपून केस सुरू होतात ती रेघ.
लेक टक लावून बघतेय म्हणून मी विरघळायचे,
ती माझा भांग बघत असायची.

आवाज मात्र ती घेऊनच आली.
नऊही महिने मी पाटाच्या कडेने
बालवाडीला चालत गेले होते,
ते पाणी तिने आतून ऐकलेलं.
रात्री रडू लागली की नळ सोडून पाहिला,
ती फसली नाही.
कुळागरात नेऊनच उभं राहावं लागे,
विजेरी बगलेत,
साप दिसला तर दिसला.

मग लाल आला.
जास्वंदीचा नव्हे,
उल्हासच्या स्कूटरचा मागचा दिवा.
ब्रेक दाबला की ती हसायची,
आणि तो अंगणात उभ्या उभ्या
ब्रेक दाबत राहायचा, बॅटरी उतरेपर्यंत.
हिरव्याला उशीर लागला.
सावईवेऱ्यात राहून हिरव्याला उशीर!

सहाव्या महिन्यात माकडं.
दुपारी माडांवर यायची, सातआठ असतील,
मला तो एकच तपकिरी गोंधळ.
ती एकेकापाशी थांबायची.
कालचं आज परत आलं तर नजर पुढे,
हे झालं पाहून.
नवं कुणी असलं की दूध सोडून बघत राही.
तुटक्या कानाची एक होती,
तिला मी कानावरून ओळखायचे,
कुमू तोंडावरून.

त्याच दिवसांत मसाल्याची बाग बघायला
एक पोलिश बाई आली, ओसरीवर टेकली.
तिने तिच्या भाषेतले दोन शब्द म्हटले.
मला दोन्ही एकच ऐकू आले.
दुसऱ्याला कुमूने मान वळवली.

नववा सरला. उल्हासने मिशी काढली
तर ती त्याच्याच खांद्यावरून मागे
त्याला शोधू लागली.
एस्लिंडाबायने उचललं तर हंबरडा.
शहाणी झाली, सगळे म्हणाले,
माणसं कळायला लागली.
झालीच. आता दोन वर्षांची आहे,
चाकातला च आणि चिमणीतला च
तिने कधी एकमेकांत मिसळला नाही.
निळ्याला ती निळा म्हणते, जांभळ्यालाही निळा,
आणि माडाखाली उभी राहून टाळ्या पिटते :
माकऽड! माकऽड!
एक शब्द सगळ्यांना पुरला.

तुटक्या कानाची आठ दिवसांत आली नाही.
कुठे गेली गं ती, मी विचारलं.
तिने समोर होतं त्या पहिल्याकडे बोट केलं
आणि खेळायला निघून गेली.
मी पायरीवर बसून
एकेक तोंड बघत राहिले.
दोन वेगळी वाटली, मग वाटेनाशी झाली.
आत भात करपला
तो वास तेवढा लगेच कळला.