बग्गीतलं घड्याळ

फ्रीडबर्गला वाल्बुर्गाबाई
आधी माझे हात बघतात,
मग कपाटाची किल्ली फिरवतात.
घड्याळ उंड्याएवढं, आणि जड.
कातडी म्यानावर चांदीच्या टाचण्या;
एक पडली, तिथं कुणीतरी
साधा लोखंडी खिळा मारलाय.
राहू द्या तो, म्हणतात.

चांदीच्या जाळीत ससा, मागे कुत्रा,
अडीचशे वर्षं अंतर तेवढंच.
जाळी शोभेची नाही,
आवाज बाहेर पडावा म्हणून.
रात्री बग्गी चिखलात रुतली
की काळोखात कुणी दोरी ओढायचं
आणि मांडीवरून उत्तर यायचं:
दोन. वर एक पाव.
गाव किती लांब, ते नाही.

मी भिंग लावतो.
आत, जिथं मालकाची नजर
जन्मात पोचणार नव्हती,
तिथंही पानं कोरलीत, शिरांसकट.
कुणासाठी?
आमच्यासाठी असावीत,
तेल घालायला येणाऱ्यांसाठी.
एका पानाखाली बारीक ओरखडा:
१८११, आणि अर्धवट एक अक्षर.
हात हलला असेल. किंवा मालक आला.

चालतंय का? बाई विचारतात.
मी दोरी ओढतो.
बाहेर दुपारचे चार,
घड्याळ म्हणतं अकरा.
आम्ही अकराही टोले
उभ्यानं ऐकतो.