दोन बाय दोन

निमिषा भदौरिया म्हणाली, आंटीजी, ये छोटावाला है, आसान है.
मोठ्यात म्हणे प्रत्येक रंगाचं मधलं एक घर असतं,
ते हलत नाही.
यात नुसते आठ कोपरे, आठही फिरस्ते.
मग सुरू कुठून करायचं?
कहीं से भी. एक पकड़ लो, वही घर.

दौलतगंजातली गच्ची. जानेवारीचं ऊन
टाकीमागून येतं तेवढा अर्धा तास.
मी पांढरा कोपरा धरला.
बोटांना गजकाचे तीळ.

अठ्ठावीस वर्षं हायकोर्टाच्या टायपिंग विभागात
डोळे घड्याळावर असायचे
आणि बोटं आरोपीच्या वडिलांच्या नावावर.
चुकलं तर चार कार्बन,
चारही प्रतींवर ब्लेडनं खरवडायचं, फुंकर मारायची,
कागद तेवढ्या जागी कायमचा पातळ.
इथे खरवडता येत नाही.
आलात तसे एकेक वळण मागे जा,
आणि वळण आठवत नसेल
तर बसा.

उजवी वर. छप्पर डावीकडे.
उजवी खाली. छप्पर उजवीकडे.
सलग सहा वेळा केलं
तर होता तसाच परत आला हातात.
एवढा खटाटोप आणि जागच्या जागी.
हे मला नवीन नाही. तारखा अशाच पडायच्या.

शेवटी दोनच कोपरे वाकडे उरतात.
ते सरळ करायला गेलं की खालचं जमलेलं
डोळ्यांदेखत विस्कटतं.
देखो मत, करती जाओ, निमिषा म्हणते.
मी पाहिलं. हात थांबला. असं तीनदा.

मंगळवारी रात्री ऐन मध्यावर वीज गेली.
पाहायला काही नव्हतंच.
एका कोपऱ्याला दोनदा,
छप्पर फिरव,
दुसऱ्याला चारदा. मोजत गेले,
कार्बनमागे कार्बन लावावा तशी.
वीज आली तेव्हा सहाही बाजू धड,
पिवळ्यावर एक तीळ चिकटलेला.

दोन दिवस तो फ्रिजवर. मी भोवतालची धूळ पुसली,
त्याला हात लावला नाही.

निमिषा आली, दप्तर खांद्यावर,
अरे वाह म्हणाली,
आणि केमिस्ट्रीच्या सरांविषयी सांगता सांगता
दहाबारा वळणं देऊन टाकली.
अब फिर से.

मी ओरडले. मराठीतच ओरडले बहुतेक,
कारण ती हसली.

ती ट्यूशनला गेलीय. ऊन टाकीमागून निघालंय.
या खेपेला हिरवा धरून पाहते.